वाइंडिंग खात्यातली जागा

तुम्ही पुरुष असलात तर काही वेळापुरतं ते विसरा. आपण ज्या खात्यात निघालो आहोत तिथे मास्तर, फिटर आणि तेलवाला सोडले तर सगळ्या बायकाच आहेत. गिरणगाव म्हटलं की आपल्या मनात साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा, उभा राहतो. त्याच्यावर कविता झाल्या, नाटकं झाली, कथा झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण त्याच्या साच्यावर चढणारं सूत आधी ज्यांच्या बोटांतून जायचं, त्यांच्या जागेवर आज तुम्हाला उभं राहायचं आहे.

पहिला मुक्काम थोडक्यात आटपू. साल १८९०, एप्रिलचा उकाडा. मुंबईत पहिली सूतगिरणी ताडदेवला चालू झाली त्याला ३४ वर्षं झाली आहेत. तुमच्यासमोर रीळ आहे, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा लांबलचक आडवा पिंजरा. त्याचा घेर बरोबर ५४ इंच, दीड वार. खाली ओळीने सुताच्या बॉबिन लावल्या आहेत. प्रत्येकीचं टोक रिळाला जोडायचं आणि रीळ फिरवायचं. ८० फेऱ्यांत १२० वार सूत गुंडाळलं जातं. असे सात टप्पे झाले की ८४० वारांची एक लडी होते. एका पौंडात जितक्या लड्या बसतात तो त्या सुताचा नंबर. वीस बसल्या तर वीस नंबरी. लड्या उतरवायच्या, पिळायच्या, मोजून बांधायच्या. तुमच्या हातचं हे सूत कुठल्या साच्यावर जाणार नाही. त्याचे गठ्ठे बोटीने चीनला जातील आणि तिथल्या हातमागांवर विणले जातील. तुम्ही मात्र मुंबई बेट ओलांडून कुठे गेला असाल तर ते फक्त गावी.

सुट्टी कधी असते, असं शेजारणीला विचारून बघा. दिवाळी, होळी, असे सण ती सांगेल. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. २४ एप्रिलला मात्र तिच्याबरोबर महालक्ष्मीला चला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा बोलावली आहे आणि दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आहेत. या गर्दीत दोन कामगार बायका उठतात आणि बोलतात. सावित्रीबाई फुले अजून हयात आहेत असा हा काळ, आणि दहा हजारांपुढे गिरणीतल्या बायका रविवारची सुट्टी मागताहेत. १० जूनला मालकांनी ती मान्य केली. आज घराघरांत रविवार असतो, त्याच्या मुळाशी या दोन बायकांचा आवाजही आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आता ३७ वर्षं पुढे या. १९२७, पाऊस संपत आलेला, परळ. रीळ खाती ओस पडत चालली आहेत, कारण चीनचा बाजार जपानी सुताने आणि चीनच्या स्वतःच्या गिरण्यांनी घेतला. मुंबईच्या गिरण्यांत आता दीड लाखांच्या आसपास माणसं काम करतात आणि त्यांत साधारण पाचातली एक बाई आहे. तिची जागा बहुतेक वेळा वाइंडिंग खात्यात असते.

तुम्ही चारला उठलात. चाळीच्या नळावर नंबर लावलात, भाकऱ्या थापल्यात. घरात तुमच्या माणसाशिवाय गावचे आणखी तिघे जेवायला असतात. त्यांच्या खानावळीचे पैसे आले नाहीत तर महिना पुरा पडत नाही. भोंगा होतो आणि चाळींतून माणसं रस्त्यावर येतात. गिरणीच्या दाराशी नायकीण उभी आहे. वाइंडिंग खात्यात कुणाला घ्यायचं, कुणाला बदलीवर ठेवायचं, कुणाला परत पाठवायचं, हे तीच ठरवते. पुरुषांच्या खात्यात जॉबरचं जे वजन, तेच इथे तिचं.

"नवी का गं तू? कुणाच्या वळखीनं आलीस?"

"पाटणच्या काकींच्या."

"गाठ येती?"

"येती, आक्का."

"दाव."

डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीखाली दोन्ही टोकं एकमेकांवर आडवी धरा, उजवं टोक खाली. उजव्या धाग्याचा वळसा अंगठ्याच्या नखावरून त्याच्या टोकामागे न्या आणि पुढे आणा. डावं टोक त्या वळशातून खाली दाबा. उजवा धागा ओढा. उरलेली शेपटं तोडा. तुम्ही हे केलंत, आणि आक्का त्या गाठीवरून नख फिरवते.

"जाड हाय. साच्यावर गेली की फणीत अडकंल आन् तुटंल. मग साचेवाला कुणाला शिव्या देणार? तुलाच ना?"

पुन्हा करा. पुन्हा. पहिला आठवडा शिकाऊ म्हणून हजेरीवर नाव चढत नाही. नाव चढल्यावर पहिल्या पगारातून आक्काची दस्तुरी द्यायची, आणि पुढेही सणासुदीला तिच्या घरी काहीतरी पोचवायचं. ती वाईट बाई आहे असं समजू नका. तुमचं मूल तापलं तर दोन दिवसांची सवड तीच देईल, आणि भाडं थकलं तर चाळवाल्याशी तीच बोलेल. पण तुमची भाकरी एका बाईच्या मर्जीवर टांगलेली आहे, आणि ही व्यवस्था मालकाला सोयीची आहे.

यंत्र बघा. खाली ओळीने रिंग खात्यातून आलेल्या भरलेल्या बॉबिन. वर उभ्या चात्यांवर दोन्ही टोकांना चकत्या असलेली मोठी लाकडी बॉबिन, गरगर फिरणारी. मधून धागा वर चढतो. वाटेत तो फ्लॅनेलच्या पट्टीवरून घासत जातो आणि पत्र्यातल्या एका बारीक फटीतून निघतो. या फटीचं काम साधं आणि निर्दय आहे. धाग्यात कुठे गुठळी असेल, कापसाचा तुकडा चिकटला असेल, तर तो फटीत अडकतो आणि धागा तुटतो. कुठे धागा बारीक राहिला असेल तर ताण पडून तुटतो. तुटायलाच हवा. इथे सुटलेला दोष पुढे ताण्यात जाईल आणि साच्यावर उघडा पडेल. तिथे एक धागा तुटला तर अख्खा साचा थांबतो.

म्हणजे तुमच्या यंत्राचं काम धागा तोडणं आणि तुमचं काम तो सांधणं. तुटला, की ती चाती थांबवा. वरच्या बॉबिनवरून टोक शोधा. ते इतर धाग्यांत असं दडतं की डोळ्यांना दिसत नाही, बोटाच्या पेरालाच लागतं. दोषाचा तुकडा तोडून टाका. खालचं टोक वर आणा, गाठ मारा, शेपटं तोडा, चाती सोडा. तेवढ्यात शेजारची संपलेली असते. वीस नंबरी सुताच्या एका औंसात १,०५० वार धागा असतो आणि तो काही मिनिटांत संपतो. रिकामी बॉबिन टोपलीत, भरलेली जागेवर, पुन्हा गाठ. तुमच्या वाट्याला अशा चात्यांची एक ओळ आहे. त्या ओळीपुढे तुम्ही दिवसभर ये-जा करता. हात खाली जातात, वर येतात, आणि डोळे सतत दोन चात्या पुढे असतात.

वीस नंबरी सुताच्या एका पौंडात १६,८०० वार होतात, म्हणजे १५ किलोमीटरांहून जास्त. परळहून उलगडत नेलं तर अंधेरीच्या पुढे जाईल. इतका धागा तुमच्या हाताखालून गेला की एक पौंड मोजला जातो, कारण तुमची मजुरी पौंडावर आहे.

यातला अन्याय नीट समजून घ्या. मालकाने हलका कापूस घेतला, आखूड तंतूचा मिसळला, कार्डिंग घाईत उरकलं, तर सूत कच्चं निघतं. कच्चं सूत तुमच्या फटीत दुपटीने तुटतं. तुम्ही दुपटीने गाठी मारता, दुपटीने चालता, आणि संध्याकाळी तुमचं वजन कमी भरतं. जास्त काम, कमी पैसे. वर तुमच्या टोपलीत तुटक सूत जास्त दिसलं म्हणून मास्तर बोलतो ते वेगळंच. ज्या दोषाशी तुमचा काही संबंध नाही तो सबंध गिरणीतून गोळा होऊन तुमच्या पगारातून वजा होतो.

कागदोपत्री या कामाला हलकं काम म्हणत. बसण्याउठण्याचं, बायकांना झेपेल असं. साचेवाल्याच्या निम्मीही मजुरी हातात न पडण्याचं समर्थन याच शब्दात होतं. मला हा शब्द कधीच पटला नाही. धागा कुठे कच्चा आहे हे बोटाला कळणं, डोळ्यांआधी टोक सापडणं, फणीतून बिनबोभाट निघून जाईल अशी गाठ काही सेकंदांत बसणं, हे कसब आहे. खात्याखात्यांत ज्या मालाची तपासणी कुणीच करत नव्हतं, ती या बायका करत होत्या. त्यांनी ती केली नसती तर साचेवाल्याचं कसब वाया गेलं असतं.

दुपारी जेवणाची सुट्टी. यंत्रांखालीच फडकी सोडून बायका बसतात. कानांत घरघर तशीच राहते, केसांवर, पापण्यांवर, भाकरीवर कापसाचा भुगा. खिडक्या बंद, कारण वारा आला की धागा तुटतो. कोपऱ्यात सुताच्या पोत्यांवर दोन तान्ही झोपली आहेत. फार शांत झोपली आहेत. कारण विचारायला नको, खात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. सकाळी निघण्याआधी अफूची बाळगोळी दिली की मूल दिवसभर रडत नाही. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी करून हे लिहून ठेवलं. बहुतेक आया मुलांना ही गोळी देत होत्या. तुम्ही आजच्या मनाने त्या आईकडे बघणार असाल, तर आधी तिच्या जागी उभं राहून सांगा, मूल कुणाकडे ठेवणार? पाळणाघर बहुतेक गिरण्यांत नाही, घरी म्हातारी नाही, आणि एक खाडा म्हणजे बदलीवाली दाराशी उभीच आहे.

सुट्टी संपायला थोडा वेळ आहे. रिंग खात्यात डोकावून या. तुमच्या बॉबिन तिथूनच येतात. तिथे बोलणं कानाला तोंड लावूनच होतं. रिंगची ही यंत्रं हिंदुस्थानात प्रथम नागपूरच्या एम्प्रेस मिलने आणून चालवली, १८८०च्या दशकात. एका बाजूला दोनशेच्या आसपास चात्या. वरून पेळूपेक्षा बारीक अशी कापसाची वात रुळांच्या जोड्यांमधून ओढली जाते, प्रत्येक पुढची जोडी मागचीपेक्षा जास्त वेगाने, म्हणून वात बारीक होत जाते. खाली चातीभोवती पोलादी कडं, आणि त्या कड्यावर एक इवलासा पोलादी आकडा पळतो, मिनिटाला हजारो फेऱ्या. त्या आकड्यातून जाताना धाग्याला पीळ बसतो आणि तो बॉबिनवर गुंडाळला जातो. धागा तुटला की कामगार फिरती चाती गुडघ्याने दाबून थांबवतो, बॉबिनवरचं टोक काढतो, आकड्यातून ओवतो आणि पुढच्या रुळाशी नेऊन नुसतं टेकवतो. गाठ नाही. येणारी वात त्या टोकावर पीळ घेऊन चिकटते.

या खात्यात महार कामगार बरेच आहेत. साचे खात्यात ते दिसणार नाहीत, आणि तिथे मजुरी जास्त आहे. कारण असं सांगतात की धोट्यात नवी कांडी बसवली की सुताचं टोक छिद्रातून बाहेर काढायला साचेवाला ते तोंडाने ओढतो, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने घ्यायचा असतो. विटाळ यंत्रापर्यंत पोचला तो असा. पुढच्या वर्षी गिरण्यांचा मोठा संप झाला, त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, आणि संपाच्या मागण्यांत अस्पृश्यांना साचे खातं खुलं करण्याची मागणी घालायला त्यांना भाग पाडलं.

त्या संपातच आता चला. १९२८. सासून गटाच्या गिरण्यांत नव्या योजनेने रिंगवाल्याला एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला सांगितल्या आहेत, साचेवाल्याला दोनाऐवजी तीन साचे. एप्रिल संपता संपता जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद पडतात. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहते, लाल बावट्याची. कम्युनिस्ट पुढारी डांगे आहेत, आणि स्वतः गिरणीत राबलेले अर्जुन आळवे आणि कासले आहेत. ना. म. जोशींची जुनी युनियनही संप समितीत सामील आहे. तुम्ही केरसुणी घेऊन दाराशी उभ्या आहात. फोडलेले कामगार आत जायला आले की पुरुष घोषणा देतात, बायका पुढे होतात. पोलिसाला बाईच्या अंगावर हात टाकायला जड जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

संप ऑक्टोबरपर्यंत चालतो. सहा महिने. कोकणातली, घाटावरची कितीतरी कुटुंबं पेरणीला गावी निघून जातात. तुम्ही राहता, कारण तुमच्या वाट्याची जमीन दिराकडे गहाण आहे. गळ्यातले मणी जातात, मग भांडी जातात. चाळीखाली व्याजाने पैसे देणारा पठाण काठी टेकून उभा असतो, पण तो सुद्धा आता मागून थकला आहे.

त्याच पावसाळ्यात एक गोष्ट घडते, जी त्या दिवशी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी मांडलेल्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकावर चर्चा चालू आहे. २८ जुलैला आंबेडकर त्याच्या बाजूने बोलतात. १९२९ साली कायदा होतो, देशातला अशा प्रकारचा पहिला. बाळंतपणात कामावर न जाता काही आठवडे पैसे मिळणार. खात्यात ही बातमी पोचते तेव्हा बायकांना आधी ती खरीच वाटत नाही.

पुढचं सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगितलंच पाहिजे. कायद्याने बाईला जे दिलं ते मालकाच्या वहीत खर्च म्हणून चढलं. नव्या भरतीत लग्न झालेली बाई नको, पुढे बाईच नको, असं होऊ लागलं. त्यातच जलद वेगाची वाइंडिंग यंत्रं आली. आधी चार जणी करत तेवढं सूत एक जण गुंडाळू लागली, आणि ती एक जण पुरुष असली तर मालकाला बरी, कारण त्याला रात्रपाळीला लावता येतं. बायकांना रात्री कामावर ठेवायला कायद्याने मनाई होती. तीन पाळ्या चालवणाऱ्या गिरणीत जी व्यक्ती फक्त दिवसाच येऊ शकते तिची जागा हळूहळू गेली. यात कुणा एकाचा कट शोधायची गरज नाही. संरक्षणाचे कायदे झाले, पण त्यांचा बोजा मालकावर ठेवताना बाईची जागा राखण्याची सक्ती कुणी केली नाही. कायदा अर्धा झाला. उरलेला अर्धा तिने नोकरी गमावून भरला.

म्हणून १८ जानेवारी १९८२ला, कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख कामगार संपावर गेले, त्याच्या थोडं आधी तुम्ही वाइंडिंग खात्यात उतरलात तर बायका बोटांवर मोजाव्या लागतील. त्यांतल्या कुणाची तरी आजी त्याच खात्यात होती. तो मुक्काम मी लांबवत नाही. गिरणगाव पुढे कसं मोडलं, जमिनी कुणाकडे गेल्या, हे तुम्ही परळहून लोकलने जाताना खिडकीतून रोज बघता.

शेवटी आजच्या एका सूतगिरणीत या, इचलकरंजीच्या बाजूला. रिंगच्या एकेका यंत्रावर आता हजाराहून जास्त चात्या. भरलेल्या बॉबिन यंत्रच काढतं. वाइंडिंगला ऑटोकोनर, म्हणजे स्वयंचलित यंत्र. मिनिटाला हजार मीटरांहून जास्त वेगाने धागा पळतो, आणि त्या जुन्या पत्र्यातल्या फटीच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक डोळा त्याची जाडी पाहतो. दोष दिसला की पाते चालून धागा कापला जातो. दोन नळ्या हवेने दोन्ही टोकं ओढून आणतात, दाबाच्या हवेचा झोत त्यांचा पीळ उलगडतो, तंतू एकमेकांत मिसळतो आणि पुन्हा पिळतो. गाठ नसलेला सांधा, काही सेकंदांत.

ओळीच्या पलीकडून एक ताई येते. अंगावर गिरणीचा ॲप्रन, केस टोपीत, कानात बोळे. रात्रपाळीला आता काही अटींवर बायकांनाही परवानगी मिळते. एका डब्यावर लाल दिवा लागला आहे. म्हणजे यंत्राने काही वेळा सांधून पाहिलं, जमलं नाही, आणि सोडून दिलं.

"तुम्ही नव्या का?"

"हो ताई."

"हे बघा. दिवा लागला म्हणून लगेच बटण दाबायचं नाही. आधी बॉबिन हातात घ्या. टोक सुटलंय, का खालचे थर घसरलेत, ते बोटाने बघा. सेन्सरला फक्त जाडी कळते. घसरलेली बॉबिन परत चालवली तर दर मीटरला तुटेल, आणि माझी कोनची मोजणी खाली येईल. आमचा बोनस त्याच्यावर आहे."

तुम्ही बॉबिन उचलता. वरचा थर बोटाखाली सैल लागतो. ताई तो काढून टाकायला सांगते, खालचं घट्ट टोक सापडेपर्यंत. सापडतं. तुम्ही ते यंत्राला देता, झोत येतो, सांधा पडतो. ताई धागा दोन्ही हातांच्या बोटांत धरून सांध्याच्या दोन्ही बाजूंनी झटका देते. सांधा टिकतो, धागा वीतभर अंतरावर तुटतो.

"बसला बरोबर. आता परत लावा आणि पुढच्या डब्यावर चला. सतराव्यावर पण दिवा आहे."